निरोप दिलेल्या खेळाडूचे परत येणे

माणूस किती मोठा होता हे त्याच्या कामावरून ठरत नाही, त्याला निरोप कसा दिला यावरून ठरते. काम काय, कोणीही करतो. निरोपाला मात्र चार माणसे लागतात, माइक लागतो, आणि ज्याला निरोप द्यायचा त्याला शेवटचे भाषण संपेपर्यंत खुर्चीत निमूट बसून राहावे लागते. हे सत्य जगाला अजून नीटसे उमगलेले नाही. मस्कतच्या अल् घुब्रा महाराष्ट्र स्नेहवर्धक मंडळाला ते फार पूर्वीच उमगले होते.

मंडळ तसे गणपती, हळदीकुंकू, दिवाळी फराळ असले किरकोळ उद्योगही करते. पण त्याचा खरा हातखंडा निरोपात. आखातात उतरलेला मराठी माणूस पहिल्या दिवसापासून परत जायच्या गोष्टी करतो. "हे शेवटचं वर्ष," असे तो दर वर्षी म्हणतो, आणि एखाद्या वर्षी चुकून खरेच सामान बांधतो. मग मंडळ त्याला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि 'आपली उणीव सदैव भासेल' एवढे आश्वासन देऊन कायमचे परत पाठवते. (कायमचे म्हणजे आखाती हिशेबाने दुसरी कंपनी नवा व्हिसा काढीपर्यंत.) मंडळाचा जुना अनुभव असा की दहा जण कायमचे गेले तर सात परत येतात, दोघे दुबईला सापडतात आणि एकाचा फोन लागत नाही. परत आलेल्या सातांना मंडळ काही विचारत नाही. आमची उणीव भासली होती का, हे तेही विचारत नाहीत. असा दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा असला की संस्था टिकतात. थोड्या काळाने त्या सातांना पुन्हा निरोप देण्यात येतो. अध्यक्ष जयप्रकाश टिळेकर यांना आजवर तीन निरोप मिळाले आहेत, आणि चौथ्याविषयी ते स्वतः काही बोलत नाहीत.

अशा या जाणत्या मंडळापुढे दयानंद घडशी याने एक विचित्र प्रश्न आणला. मला निरोप देऊन चार वर्षं झाली, आता एकदा मैदानात उतरावंसं वाटतंय, तर उतरू का?

दयानंद मूळचा संगमेश्वरकडचा. मस्कतला एका कंपनीत एसी आणि पंपांची देखभाल बघायचा. अंगाने सडसडीत, बोलायला कमी. तरुणपणी गावच्या गोविंदा पथकात तो सगळ्यात वरच्या थरावर असे. पायाखाली कोणाचे ना कोणाचे खांदे असल्याशिवाय त्या काळात त्याला चैन पडत नसे, असे त्याची आई सांगते. हे कौशल्य नोकरीच्या अर्जात लिहिण्यासारखे नसल्यामुळे मस्कतमध्ये बरीच वर्षे ते कोणाला कळले नाही.

एका शुक्रवारी अल हैलला, समुद्राजवळच्या एका मैदानावरचा पाण्याचा पंप बंद पडला. सुट्टीचा दिवस, तरी दयानंदला जावे लागले. तिथे कंपनीतले आणि कंपनीबाहेरचे ऑस्ट्रेलियन लोक त्यांचा देशी फुटबॉल खेळत होते. हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवे. मैदान अंडाकृती आणि चेंडूही अंडाकृती. चेंडू लाथेने मारा, पोटाशी धरून पळा, मुठीने ठोसून सोबत्याला द्या, सगळे चालते. फेकलेला मात्र चालत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला की सहा गुण. नेम चुकून मधल्या आणि कडेच्या खांबांमधून गेला तर एक गुण. (नेम चुकल्याबद्दल गुण देणारा हा खेळ मराठी माणसाने इतकी वर्षे हातचा का जाऊ दिला, हा संशोधनाचा विषय आहे.) आणि चेंडू उंच आला तर पुढच्या माणसाच्या पाठीवर गुडघा रोवून, त्याच्या खांद्यावर चढून झेललात तरी कोणी रागावत नाही. उलट टाळ्या पडतात.

यातले दयानंदला तेव्हा काहीच ठाऊक नव्हते. तो पाना हातात घेऊन कडेला उभा होता, इतक्यात चेंडू उंच उडून त्याच्या दिशेने आला. मध्ये एक धिप्पाड माणूस पाठमोरा उभा होता. उंचावर काही दिसले की पुढच्याच्या खांद्यावर पाय द्यायचा, हे दयानंदच्या हाडात भिनलेले. त्याने पाना टाकला, चढला, चेंडू झेलला आणि उतरला. उतरल्यावर त्याने पाहिले, तर तो खांदा त्याच्याच कंपनीचे जनरल मॅनेजर ब्रॅड साहेब यांचा होता.

"सॉरी सर," दयानंद म्हणाला, आणि मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

साहेबांनी खांदा चोळला, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि पुढच्या शुक्रवारी चार वाजता बूट घालून यायला सांगितले. साहेबाच्या खांद्यावर चढून नोकरी टिकल्याचे आखातातले हे एकमेव ज्ञात उदाहरण. एरवी लोकांना चढताही येत नाही आणि टिकताही येत नाही.

पुढची आठ वर्षे दयानंद 'अल हैल हामूर' या संघाचा तारा होता. हामूर हा तिथला मासा, चवीला उत्तम, पळायला सुस्त. संघही साधारण तसाच होता. पण दयानंद उडाला की समोरचे संघ वर बघत राहत. दुबईवाले, दोहावाले त्याला 'डाया' म्हणून ओळखू लागले. त्याचा जिगरी दोस्त गुलजार, हा म्हसळ्याचा, निझव्यात गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारा, दर शुक्रवारी नमाज झाली की दीड तास गाडी हाकत येई आणि खांबांमागे पंच म्हणून उभा राही. मधून चेंडू गेला की दोन पांढरी निशाणे फडकवायची, कडेने गेला की एक. गुलजार ते इतक्या गांभीर्याने करी की लोकांना वाटे, बोट बंदराला लागते आहे.

मंडळाला हे सगळे उशिरा कळले. एका इंग्रजी पेपरात फोटो आला: दयानंद हवेत, खाली एक आयरिश माणूस. मंडळाला त्याच दिवशी दयानंदचा अभिमान वाटू लागला. पण अभिमान वाटलेल्या माणसाचे काय करायचे, याची मंडळाला एकच पद्धत माहीत होती, त्यामुळे ते संधीची वाट बघत राहिले. ती लवकरच आली. दोहाच्या संघाविरुद्ध उडी चुकली आणि दयानंदचा उजवा गुडघा मुरगळला. डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली. मंडळाने ती कायमची केली.

निरोप आठवड्याच्या आत झाला. इतकी तत्परता दाखवल्याबद्दल मंडळाचे कौतुकच करायला हवे. दयानंदची बायको सुगंधा आणि सात वर्षांची मुलगी पूर्वा फॅमिली व्हिसावर येऊन जेमतेम महिना झाला होता. त्या दोघी पहिल्या रांगेत बसल्या. सहा भाषणे झाली. सहापैकी पाच वक्त्यांनी तो खेळ कधी पाहिला नव्हता, आणि सहावे कबड्डीवर बोलले. शाल अंगावर आली. मग दयानंदच्या हातात माइक दिला. माइक हातात आला की भला माणूसही काय बोलेल याचा नेम नसतो. सुगंधा डोळे पुसत होती, मागे बटाटेवडे निवत होते, आणि सगळे इतके तयारीने रडायच्या बेतात बसले होते, की त्यांचा हिरमोड करणे दयानंदला बरे दिसेना. "आता पुन्हा मैदानात पाऊल टाकणार नाही," तो म्हणाला. प्रचंड टाळ्या झाल्या. घरी गेल्यावर पूर्वाने शालीच्या कोपऱ्यात बॉलपेनने एक अंडे काढले. बाबाचा बॉल.

गुडघा सहा महिन्यांत बरा झाला. शब्द मात्र तसाच राहिला.

चार वर्षे गेली. पूर्वा येताना अस्सल संगमेश्वरी बोलत होती. अल् घुब्र्याच्या शाळेने ते चार वर्षांत दुरुस्त करून टाकले. एका संध्याकाळी ती दप्तर आपटून सोफ्यावर बसली.

"काय झालं?" दयानंदने विचारले.

"मी सांगितलं ना क्लासमध्ये, की माझा बाबा स्टार होता. कोणी बिलीव्ह नाही केलं. मग मी तो व्हिडिओ दाखवला."

"कुठला?"

"निरोपवाला. दुसरा नाहीच आहे ना आपल्याकडे." तिने बूट काढून भिरकावले. "बाबा, त्यात तू फक्त बसलायस."

दयानंदला हे लागले. साहेब ओरडले, कंपनीने बढती नाकारली, गावच्या घरात भाऊ शिरला, कशाने त्याला इतके वाईट वाटले नव्हते. पुढच्या एप्रिलात सुगंधा आणि पूर्वा रत्नागिरीला जाणार होत्या, मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी. म्हणजे हा एकच हिवाळा उरला होता. तो गेला की मुलीच्या डोक्यात बाप कायमचा खुर्चीत बसलेला राहणार.

आणि त्याच आठवड्यात ब्रॅड साहेबांचा फोन आला. दुबईचा संघ येतो आहे, आपला एक माणूस कमी पडतोय, डाया, गुडघा कसा आहे? चार वर्षांत गुडघ्याची चौकशी करणारा हा पहिला माणूस.

"चांगला आहे, सर. विचारून सांगतो," दयानंद म्हणाला. कोणाला विचारणार, हे साहेबांना कळेना. ऑस्ट्रेलियात माणूस खेळायचे की नाही हे स्वतः ठरवतो. त्या देशाला फार जुनी संस्कृती नाही.

गुलजारलाही ते कळले नाही. "मेल्या, गुडघा तुझा, बूट तुझे, त्या लोकांचा काय संबंध? यल्ला, ये सरळ."

"चार लोकांत शाल घेतली आहे, गुलजार. माइकवर बोललोय. उद्या उतरलो तर तोंड कुठं दाखवू?"

"तोंड कोण बघतंय तुझं? लोक पाय बघतात."

पण दयानंद पडला सरळ माणूस. सुगंधा म्हणाली, "गुडघ्याचं मी बघते, तुम्ही मंडळाचं बघा." तेव्हा त्याने प्रश्न मंडळात नेला.

बैठक नेहमीप्रमाणे एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर भरली. विषय एकच: निरोप दिलेला खेळाडू परत येऊ शकतो काय? चर्चा अतिशय उंचीवर गेली. एका ज्येष्ठ सभासदांचे मत पडले की निरोप म्हणजे विसर्जन. बाप्पा पाण्यात सोडल्यावर 'एक मिनिट' म्हणून कोणी बाहेर काढत नाही. त्यावर दुसरे म्हणाले की बाप्पा पुढच्या वर्षी येतोच, मग दयानंदने का येऊ नये. तिसऱ्यांनी मूलभूत मुद्दा काढला: आपण निरोपात 'उणीव सदैव भासेल' असे म्हटले आहे. माणूस परत आला तर उणीव भासणार कशी? म्हणजे सहाही वक्ते खोटे ठरतात, आणि त्यांतले दोघे तर आता हयात नाहीत. ते हयात नाहीत म्हणजे काय, हे कोणीतरी विचारले. तर ते कायमचे परत गेले आहेत, असा खुलासा झाला. सभागृहाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते कधी परत येणार याची चौकशी सुरू झाली.

महेक नावाची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी सभासद होती. ती तीनदा उभी राहिली. "त्यांच्या गुडघ्याविषयी बोलू का?" तिला सांगण्यात आले, की गुडघा विषयपत्रिकेवर नाही, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ. आयत्या वेळच्या विषयांपर्यंत चहा आला.

शेवटी जयप्रकाश टिळेकर बोलायला उठले. गोरेपान, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज आकाशवाणीसारखा. निरोप मागे घेता येईल, ते म्हणाले, परंतु जी शाल चारचौघांत दिली, ती चारचौघांत परत आली पाहिजे. आधी शाल परत, मग खेळाडू परत. निर्णय इतका न्याय्य होता की त्याला कोणी विरोध करू शकले नाही. परत जाताना महेकने दयानंदला जिन्यात गाठले, दोनदा खालीवर करायला लावले, गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाली, "एकच क्वार्टर, पाव सामना खेळा. जास्त नाही." सगळ्या बैठकीत उपयोगाचे एवढेच झाले.

दयानंद खुशीत घरी आला. "शाल काढ. ती परत करायची आहे."

सुगंधा स्वयंपाकघरात गेली. तिने फ्रिज उघडला, बंद केला.

इथे शालीविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. मस्कतच्या हवेत शाल कोणी पांघरत नाही. सत्काराची शाल ही मुळात वापरायची वस्तूच नव्हे, ती पुढे द्यायची वस्तू आहे. प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात राहते, आणि त्यामुळे इतक्या मोठ्या समाजात इतक्या थोड्या शालींत भागते. सुगंधाने ती दोन वर्षांपूर्वी पूर्वाच्या गणिताच्या सरांना त्यांच्या निरोपात दिली होती. (सर कायमचे केरळला गेले. सध्या ते सोहारला शिकवतात.)

मग सुगंधाने एका दुपारी फोन हातात घेतला. सरांच्या बायकोने शाल शेजारणीच्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला दिली होती. सासऱ्यांनी ती जावयाच्या साहेबांना दिली. साहेब गुजराती, त्यांनी ती आपल्या मराठी हिशेबनिसाला, मंडळाच्या एका कार्यक्रमासाठी दिली. सुगंधाने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

"चला. अध्यक्षांकडे जायचंय."

जयप्रकाश टिळेकरांच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या पत्नीने कपाट उघडले. वरच्या खणात शालींची चळत होती. पूर्वाने एकेक पिशवी उलटीसुलटी केली आणि चौथीवर बोट ठेवले. कोपऱ्यात निळ्या शाईचे अंडे.

"हे मी काढलेलं. बाबाचा बॉल."

टिळेकरांनी चष्मा वर सरकवला. "मला वाटलं कारखान्याची खूण असेल," ते म्हणाले.

शाल त्यांच्या तिसऱ्या निरोपातली निघाली. टिळेकर वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि तिथेच थांबल्या. टिळेकर खुर्चीत बसले, आणि जो आवाज निघाला तो आकाशवाणीचा नव्हता.

"घडशी, एक सांगतो. तिसऱ्यांदा चिंचवडला गेलो ना, तेव्हा खरंच कायमचा गेलो होतो. मुलगा-सून चांगली आहेत. पण सकाळी मी हॉलमध्ये आलो की सगळे उठून उभे राहायचे. पाहुणा आल्यासारखे. पंधरवड्यानं नातू म्हणाला, आजोबा, तुमची फ्लाइट कधी आहे? मग आलो परत. इथं कोणी विचारलं नाही का आलात. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं."

"मी विचारायला हवं होतं," दयानंद म्हणाला.

"तुम्हाला कसं विचारता येईल, तुम्ही माजी," टिळेकर म्हणाले, आणि त्यांचा मूळ आवाज परत आला. त्यांनी तिथेच निर्णय दिला. सदर शाल योग्य त्या मार्गाने मंडळाच्या अध्यक्षांकडे आपण होऊन परत आलेली असल्यामुळे शाल-परती झाली असे मानण्यात यावे. खेळाडूस परत येण्यास हरकत नाही. मात्र मंडळ सोहळा करील.

सोहळा नको, असे म्हणायला दयानंदने तोंड उघडले. पण मंडळ कशाला नाही म्हणू देत नाही.

शुक्रवारी दुपारी अल हैलच्या मैदानावर दुबईचा संघ बसमधून उतरला, तेव्हा मंडळ आधीच येऊन बसले होते. जुनाच फलक लावला होता. 'निरोप' या शब्दावर 'पुनरागमन' अशी कागदी पट्टी चिकटवली होती. सतरंजी, समई, बॅटरीवरचा माइक, आणि मधोमध लाल कापडाची, झेंडूच्या माळा लावलेली खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर ती शाल. दुबईच्या कप्तानाला वाटले, कोणी मंत्री येणार आहेत. त्याने संघाला ओळीत उभे केले.

महेकच्या सांगण्यावरून ब्रॅड साहेबांनी दयानंदला शेवटच्या क्वार्टरसाठी राखून ठेवले. या खेळात चार डाव असतात आणि मधे तीन मध्यंतरे. मंडळाला असा खेळ आजवर का मिळाला नाही याची सगळ्यांना हळहळ वाटली. प्रत्येक मध्यंतरात एक भाषण बसत होते. आणि भाषण आहे म्हटल्यावर सत्कारमूर्तीने खुर्चीत बसणे ओघाने आलेच. अशा रीतीने दयानंद हाफ पँट आणि पट्ट्यापट्ट्यांचा बनियन घालून, गळ्यात हार घेऊन, पहिल्या मध्यंतरात बसला. दुसऱ्यात बसला. डाव चालू असतानाही त्याला उठू देईनात, कारण स्वागतपर कविता लांबली होती.

पूर्वा सुगंधाशेजारी फोन धरून उभी होती. तिने फोन हळूहळू खाली घेतला. "आई, तो परत बसलाय," ती म्हणाली. हे दयानंदला ऐकू गेले.

तिसऱ्या मध्यंतरात जयप्रकाश टिळेकर अध्यक्षीय भाषणाला उठले. ते मस्कतला आलेल्या पहिल्या नाविकांच्या काळापासून सुरू करून सावकाश पुढे येत होते. मध्यंतर संपले. पंचाने चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवला. शेवटचा डाव सुरू झाला. मैदानातून ब्रॅड साहेबांनी हाक मारली, "डाया!" खांबामागून गुलजारने दोन्ही निशाणे एकदम हलवली. तो काही नियमात बसणारा इशारा नव्हता.

मंडळाच्या इतिहासात भाषण चालू असताना सत्कारमूर्ती कधी उठलेली नाही. एकदा एका गृहस्थांना विमान गाठायचे होते, तेही बसून राहिले आणि विमान गेले. (पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा निरोप दिला.) दयानंदने समईकडे पाहिले, शालीकडे पाहिले, फोन खाली घेतलेल्या मुलीकडे पाहिले. मग हार काढून खुर्चीत ठेवला आणि उठला.

सभा गोठली. टिळेकरांचे वाक्य अर्ध्यावर राहिले. त्यांनी माइक तोंडापासून दूर धरला आणि हळूच म्हणाले, "जा, जा. माझं काय, लांबतंच."

तो गेला. पूर्वाने फोन पुन्हा वर धरला. पळताना तो जरा उजवीकडे झुकत होता. पोट सुटले होते, हे सुगंधाला घरात कधी दिसले नव्हते, ते तिथे दिसले. पहिले दोन चेंडू त्याच्या डोक्यावरून गेले. तिसरा उंच, फार उंच आला, समुद्राकडच्या वाऱ्याने थोडा रेंगाळला. दुबईचा एक आडदांड गडी त्याच्याखाली उभा राहिला. दयानंद मागून आला, गुडघा त्याच्या पाठीत रोवला, खांद्यावर चढला आणि वर गेला. वर गेल्यावर क्षणभर तिथेच थांबला, असे सुगंधा अजून शपथेवर सांगते. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत आला.

पूर्वाने जे ओरडून सांगितले ते अस्सल संगमेश्वरीत होते, आणि शाळेला कळवण्यासारखे नव्हते. चार वर्षांची दुरुस्ती एका उडीत वाया गेली.

दयानंद खाली आला तो लंगडतच. चेंडू झेलला की निवांत नेम धरून लाथ मारता येते. त्याने नेम धरला, लाथ मारली. चेंडू मधल्या खांबांना सोडून कडेने गेला. गुलजारने छाती पुढे काढून एकच निशाण फडकवले. एक गुण. दयानंद कमरेवर हात ठेवून हसत उभा राहिला. इतका वेळ हसताना त्याला कोणी पाहिले नव्हते.

सामना संपल्यावर महेकने त्याच्या गुडघ्यावर बर्फ बांधला. दोन आठवडे आराम, ती म्हणाली. 'आराम' हा शब्द मंडळाच्या कानावर गेला मात्र, दोघे जण फलकाकडे धावले आणि त्यांनी 'पुनरागमन' ही पट्टी ओढून काढली. खाली 'निरोप' तयारच होता. समईत तेल शिल्लक होते. दयानंदला उचलून खुर्चीत बसवले, टिळेकरांनी शाल पांघरली, भाषणाचे उरलेले अर्धे वाक्य तिथेच पुरे केले, आणि माइक दयानंदच्या हातात दिला. पुन्हा सगळे तयारीने रडायच्या बेतात बसले.

पूर्वाचा फोन या वेळी खाली नव्हता. दयानंदने तिच्याकडे पाहिले.

"दोन आठवड्यांनी, शुक्रवारी चार वाजता प्रॅक्टिस आहे," तो माइकवर म्हणाला. "मी येणार आहे. टिळेकर साहेब, तुम्हीही या. बसायला नको, उभे राहा कडेला. चेंडू आणून द्यायला माणूस कमीच पडतो."

यापेक्षा हृदयस्पर्शी निरोपाचे भाषण मस्कतमध्ये झालेले नाही, यावर मंडळाचे एकमत आहे. टाळ्या थांबेनात. दोघी-तिघी रडल्या. टिळेकरही चष्मा काढून उभे होते, पण ते भाषणामुळे नसावे. दोन आठवड्यांनी ते खरोखरच मैदानावर गेले, असे गुलजार सांगतो. तो त्यांना आता 'चाचा, बॉल' एवढेच म्हणतो, आणि ते पळतात.

पूर्वाच्या वर्गाने उडीचा नवा व्हिडिओ पाहिला. त्यात कोणी बसलेले नाही.

मंडळाच्या वार्षिक अहवालात हा प्रसंग पाऊण पान आला आहे. सूत्रसंचालन कोणी केले, समई कोणाच्या घरची, कविता कोणाची, वडे किती उरले, सगळे त्यात आहे. सामना कोणी जिंकला, हे मात्र नाही. बैठकीत कोणाला विचारायचे सुचले नाही. आणि वाचकहो, इतका वेळ झाला, तुम्हालाही सुचले नाही. तेव्हा मंडळाने तुम्हाला सभासद करून घेतले आहे. अल् घुब्र्यात राहण्याची अट नाही. दादर, नाशिक, कुठेही असलात तरी चालेल. यंदाचे शेवटचेच वर्ष असे तुम्हीही कोणत्या तरी कामाबद्दल म्हणालाच असाल, ते मंडळाच्या कानावर आले आहे. शाल सध्या रिकामी आहे. कोपऱ्यात निळे अंडे आहे, ते पुसू नका, आणि तारीख लवकर कळवा, कारण वडे सांगायचे असतात.